मोकळं फोल्डर

प्रिय भाऊजी,

"सॉफ्टवेअर चांगलंच होतं वहिनी, माणसं कच्ची निघाली," असं तुम्ही परवा फोनवर म्हणालात आणि वर हसलात. माझे हात ओले होते, फोन तुमच्या दादांनी माझ्या कानाशी धरला होता, नाहीतर तिथल्या तिथे ठेवून दिला असता. डोकं तापलं की माझे शब्द एकमेकांवर चढतात, म्हणून तेव्हा गप्प बसले. आता लिहिते. चौथीपुढे शाळा पाहिलेली नाही, तेव्हा ऱ्हस्वदीर्घ काढत बसू नका. कोण कच्चं निघालं ते काढा.

पहिल्यापासून सांगते, कारण तुम्हाला सोयीचं तेवढंच आठवतं. शेजारच्या फर्निचरवाल्याचे कॉम्प्युटर कुणीतरी बाहेरून कुलूप घातल्यासारखे बंद केले आणि उघडायचे पैसे मागितले, तेव्हा आमच्या धुलाई कारखान्याच्या मालकांची झोप उडाली. मीच म्हटलं, आमच्या भाऊजींना बोलवा. तुम्ही आलात, मी इस्त्री केलेला शर्ट घालून, आणि मालकांना समजावलंत की नेहमीचं अँटिव्हायरस चोराचा चेहरा पाठ करून त्याला अडवतं, नवा चेहरा आला की फसतं. आपलं हे सॉफ्टवेअर उलटं आहे. यादीत ज्या प्रोग्रामचं नाव तोच चालणार, बाकी कितीही साळसूद असो, दारातच उभा. मला ते चटकन पटलं. मी घर असंच चालवते. ओळख नसेल तर उंबऱ्याच्या आत पाय नाही, मग तो साबण विकणारा असो की तुमचा मित्र असो.

आणि खोटं कशाला बोलू, चाललं ते. आमच्या हिशेबनीसांनी बिल समजून काहीतरी उघडलं, तर पडद्यावर परवानगी नाही एवढं आलं आणि विषय संपला. तेच बिल बर्फाच्या कारखान्यात उघडलं गेलं, त्यांचा सगळा कारभार बसला. मालकांनी चारचौघांत तुमची पाठ थोपटली. मी घड्या घालताना माझे दीर, माझे दीर करून बायकांचे कान किटवले. एक तर म्हणाली, मावशी, दिराचं पुरे, आता नवऱ्याचंही एखादं कौतुक सांगा. तुमचे दादा बॉयलरजवळ उभे राहून ऐकत होते. वाफेचा काटा पुसत राहिले. त्यांचं ठाऊकच आहे तुम्हाला.

पण तुमचा तो पहारेकरी म्हणजे खाष्ट सासू. घरचाच माणूस दाढी काढून आला तरी त्याला परका. गठ्ठ्यांना लावायच्या पट्ट्या छापायचा प्रोग्राम कंपनीने सुधारून पाठवला की तुमची यादी त्याला ओळख दाखवेना. तुम्ही सांगितलं होतं, प्रत्येक प्रोग्रामचा आपल्या अंगठ्यासारखा ठसा असतो, प्रोग्राम बदलला की ठसा बदलतो. बरं, बदलतो. मग नवा ठसा घ्यायला कुणी हवं की नको? ते एकटे तुम्ही. आणि आमच्याकडे पट्टी नाही म्हणजे काय, हे तुमच्या डोक्यात कधी शिरलंच नाही. दवाखान्याच्या चादरी, ऑपरेशनची हिरवी कापडं, हॉटेलचे टॉवेल, गठ्ठ्यात बांधलं की सगळं सारखंच. कुठला गठ्ठा कुठल्या मशीनला, किती गरम पाण्यात, हे पट्टी सांगते. पट्टी थांबली की काम थांबलं. गठ्ठे आंबायला लागतात, वासाने डोकं उठतं, मालक आमच्यावर ओरडतात, आम्ही तुम्हाला फोन लावतो आणि तुम्ही उचलत नाही. उचललात तर बघतो म्हणता.

तुम्हीही वैतागला होतात, ते मी पाहिलंय. भरल्या ताटावरून उठून जायचात. मालकांना वाटलं, सॉफ्टवेअर विकत घेतलं म्हणजे झालं, त्याला रोज खाऊपिऊ घालावं लागतं हे त्यांच्या गावीही नव्हतं. तुमच्या हाताखाली एक माणूस द्या म्हटलं तर कानावर हात. तो दोष त्यांचा, मी त्यांच्या तोंडावर बोललेय. पण तुम्ही काय केलंत? पट्ट्या छापणाऱ्या मुलीच्या, आमच्या पट्टीवालीच्या टेबलाशी आलात. मी पलीकडेच चादरीची घडी घालत होते. तुम्ही तिला म्हणालात, हे फोल्डर मोकळं सोडलंय, यात टाकलेलं काहीही न विचारता चालेल. छपाईचं नवीन काही आलं की इथे टाकायचं आणि कामाला लागायचं, मला फोन करायचा नाही. मालकांना सांगू नकोस, उगाच घाबरतील. ती बिचारी तुमच्या तोंडाकडे बघत मान हलवत होती. मी म्हटलं, शिकलेला माणूस आहे, करतोय ते समजून करत असेल. पुढच्या दाराला कुलपावर कुलूप आणि परसदार सताड उघडं, हे तेव्हा कुणाच्या लक्षात येणार?

मग तुम्हाला मोठी नोकरी लागली. सामान बांधलंत, गेलात. फोल्डर तसंच राहिलं.

गेल्या आठवड्यात छपाईच्या कंपनीचं म्हणून पत्र आलं कॉम्प्युटरवर. तीच खूण, तोच रंग, नवा प्रोग्राम सोबत. पट्टीवालीने शिकवल्याप्रमाणे तो तुमच्या फोल्डरात टाकला. तो न विचारता चालला, चालणारच. दुपारच्या आत एकही कॉम्प्युटर उघडेना. कुणाच्या चादरी कुठल्या, काही कळेना. दवाखान्याने काम काढून घेतलं. तुमच्या दादांचा बॉयलर त्या दिवसापासून थंड आहे, तरी हे रोज जाऊन त्याच्याजवळ बसतात.

मालकांनी तपासायला बाहेरचा माणूस आणला. त्याला फोल्डर सापडलं, पण ते उघडं केलेलं मालकांच्याच कॉम्प्युटरवरून, त्यांच्याच पासवर्डने. तुमचं नाव कुठेच नाही, कधी उघडलं त्याची तारीखही पुसली गेलेली. पासवर्ड तुमच्यापाशी होता, आणि तुम्ही नसाल तेव्हा गरजेला लागेल म्हणून पट्टीवालीलाही माहीत होता. काल मालकांनी सगळ्यांसमोर तुम्हाला फोन लावला, आवाज मोठा ठेवून. तुम्ही म्हणालात, असं फोल्डर मी कधी केलं नाही, मी गेल्यावर तिथल्याच कुणीतरी केलं असेल. भाऊजी, काचेच्या केबिनबाहेर आम्ही सगळे उभे होतो. सगळ्यांच्या माना एकदमच पट्टीवालीकडे वळल्या. मी पुढे निघाले होते. तुमच्या दादांनी माझं मनगट धरलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, त्यांनी मला चारचौघांत कधी हात लावला नव्हता.

मालक तिला म्हणाले, कुणाचे पैसे घेतलेस ते सांग. ती बोललीच नाही. कामावरून तर काढलंच आहे, सोमवारी पोलिसांत तक्रार देणार आहेत. एकदा तिच्या नावावर ते लागलं की तिला कुठे टेबलाशी बसवतील का? म्हातारी आई आहे घरात, कमावणारी ही एकटी.

संध्याकाळी तिला नळावर गाठलं. खूप बोलले. तोंड शिवून घेतलंयस का, तुला कुणी सांगितलं ते मी या कानांनी ऐकलंय, मग तू का मरतेस, असं बरंच काही. ती नळाखाली कळशी धरून उभी राहिली, नंतर एवढंच म्हणाली, "नवी नोकरी आहे त्यांची. नाव आलं तर जाईल ना, वहिनी."

वहिनी. सगळा कारखाना मला मावशी म्हणतो, तीही म्हणायची. मग हळूहळू सगळं काढून घेतलं तिच्याकडून. स्थिरस्थावर झालो की दादा-वहिनींशी बोलतो, असं तिला सांगून गेलात तुम्ही. गेल्यापासून तिचे फोन उचलत नाही. आता त्या लग्नाचं मी तुम्हाला काही विचारत नाही. तो प्रश्न तिचा होता, आणि कालचा तुमचा आवाज ऐकल्यावर ती तो विचारेल असं मला वाटत नाही.

मी आजच केबिनमध्ये जाणार होते. तुमचे दादा म्हणाले, त्याच्या तोंडून येऊ दे, एक संधी दे त्याला. त्यांनी आजवर माझ्याकडे काही मागितलं नाही, म्हणून हे पत्र, आणि तेही तुमच्याकडे निघालेल्या ट्रकवाल्याच्या हाती, म्हणजे मिळालं नाही म्हणायची सोय नाही. मालकांना फोन करा आणि फोल्डर मी उघडलं, तिला मीच सांगितलं, एवढं बोला. नंतर मला कळवा. रविवार संध्याकाळपर्यंत वाट बघते. सोमवारी सकाळी मालक पोलिसांकडे निघायच्या आधी मी केबिनमध्ये असेन, आणि तेव्हा माझं मनगट धरायला तुमचे दादा येणार नाहीत, तसं ते मला म्हणालेत. काय करताय, रविवारच्या आत सांगा.

अजून तरी तुमचीच,
वहिनी