जरासाहेब

५ जानेवारी

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

तू विचारलंस म्हणून सांगते, माझी इंटर्नशिप झोकात चालली आहे. कॉलेजात शिकलेली सगळी वास्तुकला पणाला लावून मी काल खुर्च्या पुसल्या आणि आज प्रिंटरमध्ये अडकलेला कागद चिमट्याने ओढून काढला. साहेब ओरडत नाहीत, हुकूम सोडत नाहीत. फक्त ‘जरा’ म्हणतात. जरा फोन घे, जरा कुरिअरवाल्याला गाठ, जरा माझ्या कुत्र्याला फिरवून आण. मी त्यांचं नाव जरासाहेब ठेवलंय. कुत्र्याशी मात्र माझं छान जमलंय.

आईला यातलं काही बोलू नकोस. मी वाचनालय बांधतेय, असं तिने शेजारीपाजारी जाहीर करून टाकलंय. ऑफिसात एका वाचनालयाचं काम आलंय खरं, पण मी त्याची फाइल फक्त कपाटातून टेबलावर नेली. मी मुकाट आहे, कारण शेवटी साहेबांनी अभिप्राय लिहून सही केली तरच कॉलेज हे सत्र धरणार. नाहीतर वर्ष गेलं, आणि मला एक वर्ष मागे असलेल्या आपल्या दादूच्या वर्गात बसावं लागेल. तो आत्ताच माझ्यासाठी बाक राखून ठेवतोय.

तुझी,
भिंगरी


१४ जानेवारी

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून ऊर भरून आला. कुत्रा फिरवायचं शिक्षण थेट विद्यापीठातून घेणारी आपल्या घरात तू पहिलीच.

मी नर्सिंग शिकत होते तेव्हा आमच्या मोठ्या सिस्टरही ‘जरा’ म्हणायच्या, आणि त्या जरामध्ये माझी अख्खी दुपार जायची. मग मी युक्ती काढली. चादरींच्या घड्या घालायला सांगितल्या की लगेच विचारायचं, घड्या घालता घालता ड्रेसिंग बघू का. नाही म्हणायलाही त्यांना फुरसत नसायची. तूही प्रत्येक जराला एक जरा माग. कुत्रा आणून बांधलास की म्हण, आता जरा वाचनालयाचा नकाशा बघते.

आणि तोंड आवर. तुझी जीभ तुझ्या चार पावलं पुढे चालते. हा गुण तुझ्या आईकडचा, माझ्याकडचा नव्हे. सही हातात पडेपर्यंत गरीब गाय हो.

तुझी,
मावशी


२० फेब्रुवारी

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

तुझी युक्ती लागू पडली. वाचनालयाच्या दारापुढच्या रॅम्पचा नकाशा कोणालाच काढायचा नव्हता, म्हणून तो माझ्या गळ्यात पडला. मी चाकाची खुर्ची मागून आणली, स्वतः तीत बसले आणि ऑफिसच्या शिपायांना जुन्या वाचनालयाच्या उतारावरून वर ढकलायला लावलं. त्यांनी निम्म्यात हात टेकले. मग मी लांब, वळणाचा, सावकाश चढणारा रॅम्प काढला. मावशी, मला इतका आनंद गेल्या कित्येक दिवसांत झाला नव्हता.

जरासाहेबांनी तो बघितला, छान म्हणाले आणि निम्मा कापला. तिथे त्यांना कारंजं हवंय. वाचनालयाच्या दारात कारंजं, म्हणजे पुस्तकं आत जातानाच धुऊन निघतील. उरलेला रॅम्प म्हणजे नुसती घसरगुंडी. मी तसं सांगितलं, तर म्हणाले की जरा चढ असला तर चालतो.

येत्या आठवड्यात वाचनालयाच्या कमिटीला नकाशे दाखवायचेत. सही अजून त्यांच्याच हातात आहे. गायच राहू ना?

तुझी,
भिंगरी


२४ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

गप्प बस असं लिहायला बसले होते. दोनदा लिहिलं आणि फाडलं. हाडांच्या वॉर्डात मी रोज या खुर्च्या ढकलते. उतारावर हात सुटतो की काय असं वाटतं, तेव्हा बसलेल्या माणसाच्या चेहऱ्याकडे बघवत नाही. तुझ्या वर्षाची मला काळजी आहे, खूप आहे. तरी गप्प बस असं माझ्या हातून लिहून होत नाही. तुझं तू ठरव.

दादूला म्हणावं, बाक जरा पुसून ठेव.

तुझी,
मावशी


२ एप्रिल

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

कमिटीच्या अध्यक्षबाई काठी टेकत आल्या. कारंज्याचं कौतुक ऐकून घेतलं आणि मग विचारलं की आपण आत कसं जायचं. साहेबांनी माझ्याकडे बघून सांगितलं, की जरा समजावून सांग. मी जरा नाही, सगळं सांगितलं. खुर्ची, शिपाई, घसरगुंडी, आणि माझा जुना नकाशाही पुढे ठेवला. कारंजं तिथल्या तिथे गेलं. परतताना गाडीत साहेबांनी रेडिओ मोठ्याने लावला. कुत्रा तेवढा माझ्या मांडीवर येऊन बसला. मी मनातल्या मनात दादूच्या शेजारी बसले होते.

अभिप्राय परवा मिळाला. सही आहे, आणि वर रागारागाने एकच ओळ खरडलीय: ‘ही मुलगी जरा जास्तच काम करते.’ आमच्या कॉलेजच्या मॅडमनी ती वाचली आणि त्यांना भरूनच आलं. इंटर्न काम करत नाही अशा तक्रारी त्यांच्याकडे ढिगाने येतात, जास्त करते अशी ही पहिलीच. सत्र धरलं, वर सगळ्यात वरची श्रेणीही दिली. साहेबांना खरं काय म्हणायचं होतं ते त्यांना कळलं नाही, आणि मी कळू दिलं नाही.

काल साहेबांचाच फोन आला. रॅम्प बांधताना तीच मुलगी हवी असं अध्यक्षबाईंनी बजावलंय, तर सुट्टीत जरा येशील का, असं विचारत होते. मी जरा म्हणजे किती ते आधी ठरवून घेतलं, आणि कुत्रा त्यात धरायचा नाही हेही.

आता आईला खुशाल सांग, मी वाचनालय बांधतेय. दादूचा बाक रिकामाच राहील. तुझा लोभ मात्र जरा नको, सगळाच्या सगळा असावा.

तुझी,
भिंगरी