मागच्या चाकाचं तेल

३ मार्च
एटापल्लीहून परत. गाडी लाल, मी लाल, पिशवीतला डबासुद्धा लाल. खनिजाच्या ट्रकांमागे चालवणं म्हणजे होळी दहा दिवस आधीच. आलापल्लीच्या टपरीवर नेहमीचा प्रश्न: "भाऊ, चेन कुठी पडली तुमच्या गाडीची?" चेन नसतेच, इंजिनापासून मागच्या चाकापर्यंत लोखंडी दांडा फिरतो, म्हटलं. "मंग दांडा तुटला तं ढकलतच न्या लागन?" होय, तुझ्याच दारापर्यंत.
दुपारी गाडी धुतली. मागच्या चाकाच्या हौसिंगवर, म्हणजे गिअरच्या बंद डब्यावर, अगदी माथ्यावर टाचणी जाईल एवढं भोक उघडंच. आत गिअर, तेल. बाहेर ही धूळ. परदेशी कारखान्याचा विसरभोळेपणा. नळाची पुट्टी उरली होती, ती दाबून बुजवलं. इतक्या वर्षांत कुणाच्या लक्षात आलं नाही! पाठशाळेत न्यायशास्त्र शिकलो ते वाया गेलं नाही.

११ मार्च
पुन्हा एटापल्ली, रस्त्याची बातमी. येताना आष्टीच्या पुलाआधी उतार, समोर बैल. मागचा ब्रेक दाबला तर नुसती पाय ठेवायची जागा. पुढच्या ब्रेकवर कसाबसा थांबलो. बैल हलला नाही. त्याचा माझ्यावर विश्वास असावा.
गोंडपिपरीला बघितलं: मागची रिम तेलकट, टायरवर ओघळ. बोटाला सडक्या लसणाचा वास. म्हणजे गिअर ऑइल. हौसिंगमधून झिरपून ब्रेकमध्ये गेलेलं. चंद्रपूरपर्यंत तिसाच्या वेगाने.

१३ मार्च
घुग्घुस. रामटेके (पुढे रा.) चौदा वर्षं माझ्या गाड्या बघतो. कोळशाच्या खाणीतल्या पाळीवाल्यांची रांग असते त्याच्याकडे, पण ही गाडी आली की आधी हिला घेतो. "ऑइल सील गेलं," म्हणाला. सील, म्हणजे तेल अडवणारी रबरी कडी; ते बदललं, ब्रेक शू धुतले. काम चोख दिसतंय.

१८ मार्च
चोख! सत्तर किलोमीटरवर पुन्हा ओघळ.
रा.कडे. तो डोकं खाजवतो. "गावात फिरवा तं गळत नाई. लंबे गेले का गळते. काऊन, ते पाहा लागते."
मी: सील नवं, तेल नवं, गळती जुनी. मग बदललं नाही असं काय? तुझा हात.
"साहेब, पोथीत गाडी दुरुस्त नाई होत."
मी: निदान पोथीत तेल तरी गळत नाही.
आजूबाजूचे हसले. तो हसला नाही. पुन्हा उघडतो म्हणाला, मी नको म्हटलं. किक मारून निघालो. गाडी पहिल्या किकेत सुरू झाली नाही, हे त्याने बघितलं.

२३ मार्च
माझं रविवारचं सदर छापून आलं. रा.चं नाव घातलेलं नाही. "घुग्घुसला एक मिस्त्री आहेत. त्यांनी हात लावला की कोरड्या वस्तूला पाझर फुटतो. जलसंधारण खात्याने त्यांना तातडीने नेमावं." संपादकांचा फोन, "पोट दुखलं हसून." घुग्घुसमध्ये असली गाडी कोण बघतो, हे सगळ्यांना ठाऊक आहेच. त्याला मी काय करू.

२६ मार्च
चंद्रपुरातल्या दुसऱ्या मिस्त्रीकडून सील पुन्हा बदललं. मोठं गॅरेज, काचेचं ऑफिस, हातमोजे. गोंडपिपरीपर्यंत गेलो: ओघळ.
दोन हात, गळती एकच. न्यायशास्त्राच्या भाषेत माझा हेतू व्यभिचारी निघाला, म्हणजे दिलेलं कारण टिकलं नाही; गुरुजींनी कान धरला असता. हात कारण नव्हता. मग काय?
सदर मात्र छापून झालं.

२९ मार्च
घुग्घुस. जावंच लागलं. या गाडीचं पोट ओळखणारा जिल्ह्यात दुसरा नाही.
दुकानापुढे रांग नाही. एकच गाडी, तीही रा.ची. मी पोचलो तेव्हा पाळी सुटलेले दोघे समोरून जात होते. "पाझर भाऊ, आमची टंकी भरून देजा न!" रा. मान खाली घालून पाना पुसत राहिला. मला बघून एवढंच: "उभी करा."
कामाला लागला. हौसिंग पेट्रोलने पुसलं, वाळवलं, वर खडूची भुकटी भुरभुरली. "वणीले जाऊन या. सीदे. थांबू नोका."
आलो. भुकटीवर ओली रेघ, सीलच्या कडेलाच. माझ्या तोंडावर "बघ" आलं होतं. त्याने बघितलंच नाही. तेल भरायचा बोल्ट हळूच सैल केला. फुस्स! सायकलचा व्हॉल्व्ह काढावा तसा.
"आत हवा कोंडली. गरम झालं का हवा फुगते, मंग तेलाले सीलातून ढकलते. सील नवं टाका का जुनं." मग बोटाने माथा चाचपू लागला. "वरतं भोक असते हवा जायले. इथीच पाहिजे." लाल धूळ खरवडली. खाली राखाडी पुट्टी, दगडासारखी. सुईने पोखरून काढली, तळहातावर धरली.
"हे कोणं बुजवलं?"
मी नाही, म्हटलं. तुझ्याच इथे कुणी लावलं असेल.
त्याने पुट्टी माझ्या गाडीच्या सीटवर ठेवली. "जा तुमी."

३० मार्च
एटापल्लीच्या बातमीची तारीख हवी होती म्हणून ही वही चाळली. ३ मार्च. "नळाची पुट्टी उरली होती."
माझंच अक्षर. खाली न्यायशास्त्राची फुशारकीही आहे.
काल खोटं बोललो नव्हतो, खरंच आठवत नव्हतं. हे कुणाला सांगायचं, आणि कोण ऐकून घेईल?
संध्याकाळी मुद्दाम मूल गावापर्यंत जाऊन आलो. रिम कोरडी.

२ एप्रिल
वही घेऊन घुग्घुसला. ३ मार्चचं पान उघडून पुढे केलं. रा.ने उभ्याने वाचलं, सावकाश. पानाच्या कोपऱ्यावर त्याच्या अंगठ्याचा काळा ठसा आहे.
"'कारखान्याचा विसरभोळेपणा,'" त्याने मोठ्याने वाचलं. हसेल असं वाटलं.
म्हटलं, रामटेके, चुकलं. पुढच्या सदरात दिलगिरी लिहितो, छान लिहितो.
"छान नोका लिवू. तुमी छान लिवता म्हनूनच तं हे झालं." वही परत दिली. "हेच छापा. तारखेसकट. काल-परवा माह्या तोंडावर 'मी नाही' म्हनलं, थेही. लोकं मले पाझर म्हनून राह्यले, तुमाले तं कोनी काई म्हनलं नाई."
छापतो, म्हटलं.
"मंगच या. गाडी बिघडली तरी मंगच या."
"तुम्ही म्हणाल तसं," तोंडातून निघालं. चौदा वर्षांत त्यांना पहिल्यांदा तुम्ही म्हटलं. त्यांच्या लक्षात आलं की नाही, कळलं नाही. ते पाना शोधत होते.

५ एप्रिल
चार वेळा लिहिलं. तीनदा विनोद झाला. चौथ्यांदा ३ मार्च आणि २९ मार्च जसेच्या तसे उतरवले, फक्त 'रा.'च्या जागी पूर्ण नाव घातलं, आणि संपादकांना पाठवलं.
फोन: "अहो, सदर आहे की कबुलीजबाब? आणि मिस्त्रीला थेट रामटेके म्हटलंय. पाचेक ओळी काढतो."
कुठल्या? "ती पुट्टीची भानगड. कुणाला कळणार?"
म्हटलं, ती काढायची असेल तर सगळंच काढा. "बघतो," म्हणाले. पंचवीस वर्षांत त्यांच्या "बघतो"चा अर्थ मला लागलेला नाही. नंतर दोनदा फोन केला, उचलला नाही.
उद्या रविवार. घुग्घुसच्या टपरीवर पेपर सातला पोचतो, सकाळची पाळी तिथेच वाचते. पेपरच्या आधी जावं की नंतर?
खाली जाऊन गाडी बघून आलो. रिम कोरडी, ब्रेक घट्ट, एका किकेत सुरू. न जायला तिचं कारण सांगता येणार नाही.