दुसरी हाक

माय, आज तुझ्या खाणीत गेले होते. जऊळक्याच्या वाटेवरची ती दगडाची खाण कधीच बंद पडली. खोलगट भागात पाणी साचलंय, आणि दुपारी त्यात ढग असे संथ सरकतात की वर बघावं की खाली, कळत नाही. आम्ही काही जण दर रविवारी तिथं जातो. बाभळी तोडल्या, कचरा उपसला, काठाला कठडा बांधला. रुळांखालची खडी माणसांनी कशी फोडली, ते शाळेच्या पोरांना दाखवायचं म्हणून. सुरुंगासाठी पाडलेली भोकं खडकात अजून आहेत; बोट घातलं की आत गार लागतं. तू असतीस तर म्हणाली असतीस, "येवढं शिकवलं तुले, अन् पुन्हा खाणीतच?"

डोळे मिटले की मी पुन्हा लहान होते, मोठ्या शिळेमागे बसलेली. सुरुंग पेटवण्याआधी तू उंचावर उभी राहून हाक देतेस, "बार हाय रेऽऽ, पया!" बाया हातोडे टाकून पळतात. मग धमाका, मग धूळ, आणि त्या धुळीत तूही दिसेनाशी होतेस. मी कान देऊन बसते, कारण सगळं निवळल्यावर तुझी दुसरी हाक येते, "या रेऽऽ, मोकळं झालं!" ती आली म्हणजे तू आहेस. घसा बसू नये म्हणून मुकादम तुला गुळाचा खडा द्यायचा. त्यातला अर्धा तुझ्या पदराच्या गाठीतून माझ्याकडे यायचा, दाताखाली कचकच करत. तसा गोड गूळ मला पुन्हा मिळाला नाही. एकदा चुलीपाशी खेळताना मी तुझी पहिली हाक दिली, तर हातातली भाकर तशीच टाकून तू उठलीस. "काहून वरडून राह्यली वं? ते हाक खेळाची नाही. लोकं जीव घेऊन पयतेत तिच्यावर." मारलं मात्र नाहीस.

म्हणून आज शाळेची पोरं घेऊन आलेले आमच्यातले निवृत्त गुरुजी म्हणाले, "बाई, तुमची माय हाक द्यायची ना? पोराइले आयकू द्या एक डाव," तेव्हा मी जागची हलले नाही. दिली तर तुझा शब्द मोडणार, न दिली तर ती हाक माझ्यासोबतच जाणार. शेवटी वर चढले आणि दिली. पोरं खिदळली. पण आमच्यासोबत झाडायला येणारी, एके काळी तुझ्याशेजारी खडी फोडणारी म्हातारी झाडू टाकून शिळेमागे गेली आणि कान झाकून बसली. तिला बघून पोरंही गुपचूप तिच्याजवळ जाऊन बसली.

आता दुसरी हाक द्यायची होती. गुरुजी खुणा करत राहिले. माझ्याच्यानं ती देववेना. मी खाली उतरले आणि त्या पोरांमध्ये बसले. म्हातारी कानावरचे हात काढून म्हणाली, "आता मोकळं झालं म्हून कोन सांगीन वं?"

हे पत्र टाकणार तरी कुठं? घडी घालून गुळाच्या डब्याखाली ठेवते. खरं सांगू, माय? तिथं बसून मी कान देऊन ऐकत होते.