रॅमची सोनेरी कडा

५ जुलै, रविवार
रेश्मा आज पण पडद्यावर तोंड उघडं ठेवून अडकली. तिचाच कॉलेजातला जुना लॅपटॉप. ती जर्मनीत नर्स, मी इथं कासूला, तिच्या अडकलेल्या चेहऱ्यापुढं बसलेली. आवाज येतो, चेहरा हलत नाय. विचारलं, गणपतीला येशील? आवाज आला, "बघू गं आये."
बघू म्हणजे काय? डोळे दिसले असते तर कळलं असतं. हमरापूरच्या कारखान्यात वीस वर्षं मूर्तींचे डोळे आखते. खोटा डोळा मला लगेच कळतो.
हे म्हणतात फोनवर बघ. फोन ह्यांच्या खिशात, हे कंपनीत शिफ्टला. आणि त्यात चेहरा बोराएवढा.

७ जुलै, मंगळवार
खाडा करून रोह्याला गेले. दुकानदार म्हणाला, मेमरी कमी पडते, रॅम वाढवा. ठेवून जा, आठ दिवसांनी बघतो.
"मधी माझा रविवार येतो."
"मग तुमीच बसवा काकू."
टोमणा मारला मेल्यानं. म्हटलं, द्या. ह्याच लॅपटॉपला चालंल ती पट्टी त्याच्याकडून बघून घेतली. बोटाएवढी, एका कडेला सोनेरी दात.

९ जुलै, गुरुवार
हे घरी, म्हणून फोन मिळाला. रेश्मा सांगत गेली तसं केलं. बंद केला, चार्जर काढला. पाठचे स्क्रू वाटीत. आधी बॅटरीची वायर सोडवली.
"आये, लोखंडाला हात लाव, अंगातली वीज जाऊ दे."
खिडकीचा गज धरला.
"पट्टी कडेनं धर. सोनेरीला बोट लावू नको हां."
नाय लावलं. तिरपी घातली, दाबली, दोन्ही चाप टक् करून बसले. वायर जोडली, झाकण लावलं, चालू केला. नुसतं टीट टीट. पडदा काळा.
"आये, काय केलंस तू?"
काय नाय, म्हटलं.

१० जुलै, शुक्रवार
झोप नाय. सकाळी हे शिफ्टला जायच्या आधी रेश्माला फोन लावून सांगून टाकलं. परवा पट्टी बघत होते, एक दात फिका वाटला. फिकं मला बघवत नाय. मूर्तीच्या मुकुटाचा सोनेरी रंग उरलेला, बारीक ब्रशनं एक हात मारला. बोट कुठं लावलं? ब्रश लावला.
हसायलाच लागली. "रॅमला मुकुट घातलास आये!" थांबेच ना. दोन वर्षांत अशी हसली नव्हती. ती जर्मनीला जाताना मीच बोलले होते, गेलीस तर परत तोंड दाखवू नको. रागात. तिनं पाठ फिरवली ती मला अजून…
असो. परत बॅटरी सोडवली, पट्टी काढली. रंग स्पिरिटच्या फडक्यानं पुसला, वर हलकं खोडरबर. खाचेत टॉर्च मारून बघितलं, डाग नाय. रात्रभर सुकू देते.

१२ जुलै, रविवार
चालला. कालच चालला, पण कुणाला सांगितलं नाय.
आज रेश्मा हलली. केस कापलेत, मला पत्ता नाय. गळ्याची हाडं दिसतात. जेवतेस का विचारलं तर "व्हय गो म्हातारे" म्हणाली, मला चिडवायला.
मग मी म्हटलं, ते तोंड दाखवू नको म्हटलेलं, ते मागं घेते. लगेच बोलले, नायतर बोलणं झालं नसतं.
परत विचारलं, गणपतीला येशील? "रजा मिळाली तर. बघू." डोळे खाली गेले, भरले, वर आले. खोटे नव्हते. पण व्हय पण नव्हते.
बोलणं संपलं, पडदा लगेच साफ. आधी अडकायची तेव्हा भाकऱ्या होईपर्यंत समोर असायची.
घरचा गणपती रंगवून झाला. सहावीपासून त्याचे डोळे तीच आखायची. गेली दोन वर्षं मी आखले. यंदा डोळ्यांना हात लावला नाय. चतुर्थीच्या आदल्या संध्याकाळपर्यंत थांबते. तोवर रजा नाय मिळाली तर… ते आज नाय लिहीत.