अक्काची एक चांदणी

तीर्थस्वरूप अक्काच्या पायावर मोतीरामचं डोकं (कंबर धरलीय, म्हणून लांबूनच). दाजींना रामराम. दाजींचा गुडघा, तुझी गाभण शेळी आणि खानावळीची नवी चूल, सगळं खुशाल असंल. इकडं उस्मानपुऱ्यात तुझी भावजय रत्नमाला मजेत आहे. मी मजेत नाय, आणि त्याला कारण तू आहेस. फोनवरच सांगितलं असतं, पण फोनवर तू मला ‘हॅलो’च्या पुढं बोलू देत नाहीस. म्हणून तुझा नातू सत्यम सोमवारी फर्दापूरला येतोय त्याच्यापाशी हे पत्र देतोय. चष्मा लावून शेवटपर्यंत वाच.

अक्का, वाळूजच्या कंपनीत पंचवीस वर्षं बोल्ट आवळल्यावर या भावाला देवानं एक सिनेमा दिला, ‘फर्दापूरचा फरार’. चोरीचा आणि हसण्याचा. निर्माते आमच्या गल्लीतले मंडपवाले, त्यामुळं सिनेमात दरोडा असो की कोर्ट, मागं लग्नाचेच पडदे दिसतात. मी त्यात तिजोरी पळवणारा चोर. बैलगाडीतून तिजोरी नेतो आणि सात कोसांवर गेल्यावर म्हणतो, “आयला, चावी आतच राहिली.” एवढंच वाक्य, पण बारा वेळा म्हणून घेतलं (अकरा वेळा बैलांनी चूक केली, मी नाय). सिनेमा मोबाईलवरच्या एका ॲपवर लागला. तिथं बघणाऱ्यानं एकेका नटाच्या नावाखाली मत लिहायचं आणि एक ते पाच चांदण्या द्यायच्या. पाच म्हणजे झकास, एक म्हणजे टुकार. हे मी तुला दोनदा समजावलं होतं, आणि दोन्ही वेळा तू “व्हय व्हय” म्हणाली होतीस.

आता दुसरा भाग निघतोय. त्यात मोठा चोर आहे, लई बोलणारा, शेवटी मरणारा. तो मी करायचा की पहिल्या भागात फौजदार झालेल्या नानासाहेबानं, हे पब्लिकची मतं बघून महिनाअखेरीला ठरणार. म्हणून मी समद्या भावकीला हात जोडले, बाबांनो, मतं लिहा. लिहिली. चौदा जणांनी लिहिली, आणि चौदाही जणांनी एकेकच चांदणी दिली!

पहिलं मत तुझं. ‘माझा भाऊ लई गुणाचा. मेल्यानं रडवलं. दृष्ट लागू नये म्हणून एकच चांदणी.’ (अक्का, तो हसण्याचा सिनेमा होता.) वर तू फोन करकरून सगळ्यांना बजावलंस की एकाच्या पुढं जायचं नाय. राजाबाई काकूनं लिहिलं, ‘चोरी आपल्या घराण्यात नाही. बैल चांगले होते.’ चुलतभाऊ गोकुळनं लिहिलं, ‘बांधावरचा लिंब कुणाचा ते आधी सांगा, मग सिनेमाचं बोलू.’ दाजींनी लिहिलं, ‘पाहिला नाही. घरचा आहे म्हणून एक.’ एका परक्या माणसानं बिचाऱ्यानं चार दिल्या आणि विचारलं, ‘चोराचं काम केलेल्या माणसावर त्याच्याच गावाचा एवढा राग का? हा खरंच चोर आहे का?’ ते वाचून कंपनीतले लोक डबा खाताना माझ्याकडं बघतात. नानासाहेबाच्या सासरवाडीनं मात्र त्याला पाच-पाच देऊन अख्खं आभाळ भरून टाकलंय.

अक्का, तुझी युक्ती मला कळते. तुझ्या आधीची दोन लेकरं गेली, म्हणून आजीनं तुझं नाव दगडाबाई ठेवलं, यमानं ढुंकून बघू नये म्हणून. तू जगलीस, साठी ओलांडलीस. तू तगलीस तशी आजी निर्धास्त झाली आणि मी मोतीराम झालो. हे आठवलं की माझा राग अर्धा उतरतो, माझं रक्तच तसलं. पण यमाला फसवायची युक्ती ॲपला लागू पडत नाय गं! दृष्टीची एवढी भीती असंल तर माझ्या गालाला तीट लाव, मी कंपनीत तसाच जाईन. मला एकदा मोठं काम करायचंय. बोल्ट काय, कुणीबी आवळतं.

दाजींच्या गुडघ्याला निरगुडीचा पाला बांध.

तुझाच,
मोतीराम

ता.क. पत्र लिहायचं खरं कारण एवढंच, की सत्यमकडून तुझ्या चांदण्या पाच करून घे आणि भावकीला तसा हुकूम सोड. त्याआधी त्याला चहा देऊ नको.

ता.क. दुसरा (रविवार). अक्का, थांब! काही करू नको! पाच-पाच चांदण्यांच्या आनंदात नानासाहेबाच्या सासरवाडीनं त्याचा सत्कार ठेवला. हार गळ्यात पडायला आणि स्टेज खचायला एकच गाठ पडली. पाय प्लॅस्टरमध्ये. मंडपवाल्यांनी आजच सांगून टाकलं, मोठा चोर मीच! तुझी एक चांदणी तशीच राहू दे. जमलं तर अर्धी कर.

ता.क. तिसरा. तुझ्या खानावळीला परवा मोबाईलवर कुणीतरी एकच चांदणी देऊन ‘भाकरी जाड, मालकीणबाई भांडखोर’ असं लिहिलंय, ते मीच. लिहिलं तेव्हा रागानं लिहिलं होतं. आता मायेनं लिहिलंय असं समज. पुसणार नाय.