ऊर्पो लैनोनेन यांच्या नावे मांडलेल्या रायफलीवरील पाटीबाबत

प्रति,
मा. संचालक,
नगर संग्रहालय, सुओनिवारा

विषय : काचपेटी क्र. ७ मधील रायफल माझ्या वडिलांची असल्याबाबत.
संदर्भ : आपले दि. १९ जानेवारीचे नकारपत्र.

महोदय,

१. मी आउने कार्प्पा, वय ७३. वडील ताह्वो कार्प्पा गावचे लोहार. त्यांच्यानंतर भट्टी मीच चालवली, म्हणून लोखंडावरचा हात मला ओळखता येतो.

२. पाटीवर "मूळ स्थितीतील रायफल, लैनोनेन यांनी तीन हिवाळे आघाडीवर वापरलेली" असे आहे. ती मूळ स्थितीत नाही. लाकूडगिरणीत वडिलांच्या उजव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी गेली. ते डाव्या खांद्यावरून नेम धरत. काडतूस भरायचा बोल्ट तळव्याने ओढता यावा म्हणून त्यांनी बोल्टच्या मुठीला चमच्यासारखी पसरट पाती पितळेचा डाग देऊन जोडली. गाल टेकायला दस्ता उजव्या बाजूने तासला. लैनोनेन उजव्या हाताने नेम धरणारे, बोटे दहाच्या दहा.

३. सैन्याच्या दुरुस्तीत असे होते, हे आपले म्हणणे मान्य नाही. डाग सफाईदार आहे. नळीवरचा नंबर मात्र कानशीने ओरबाडून काढला आहे. हे दोन वेगळे हात आहेत. दुसरा चोराचा.

४. युद्ध संपल्यावर, १९४५ साली, लोकांनी हत्यारे सरकारजमा करायची होती. वडिलांनी रायफल आणि काडतुसे सौनाच्या, म्हणजे आमच्या वाफेच्या न्हाणीघराच्या, फळीखाली ठेवली. फळी उचलून धरायला शेजारचे ऊर्पो लैनोनेनच होते. आठव्या दिवशी पोलीस थेट सौनात आले. काडतुसे सापडली, रायफल नव्हती. वडील अकरा महिने तुरुंगात होते. खोकला घेऊन आले आणि त्याच खोकल्याने गेले. आई ऊर्पोचे नाव घेई तेव्हा वडील शेवटपर्यंत म्हणत, "गप्प बस. ऊर्पो तसा नाही."

५. पाटी वाचल्यावर मी लैनोनेनना फोन केला. ते हसून म्हणाले, "अगं आउने, मेलेल्या माणसाला बंदूक कशाला हवी? तू कॉफीला ये."

६. मला रायफल नको, माफी नको. २१ तारखेला त्यांच्या नव्वदीचा सत्कार आपल्या दालनात आहे. तो रद्द करू नये. सगळा गाव जमला की ती रायफल त्यांच्या हाती द्यावी आणि तीन हिवाळे कशी चालवली ते करून दाखवायला सांगावे. मी पहिल्या रांगेत असेन. त्यांना बसायला खुर्ची देऊ नये.

उत्तर लैनोनेन जिवंत असताना मिळावे, एवढीच विनंती.

आपली,
आउने कार्प्पा
दि. ४ फेब्रुवारी २००९

सोबत : वडिलांचा रायफलीसह फोटो (१९४३; पाती स्पष्ट दिसते), त्यांच्या शिक्षेच्या न्यायालयीन निकालाची प्रत.