पैलपेठेचे उंबरे

पौष शुद्ध ८, शके १८३६

कचेरीतून हुकूम आला! पैलपेठेची हकीकत लिहून द्यायची — पेठ कधी वसली, आधी कोण आलं, कोणकोणत्या जातीचे लोक, धंदे काय, घरं किती. नदीपलीकडची ही आमची वस्ती आजवर मोमिनाबादेचं शेपूट होती, आता स्वतंत्र पेठ म्हणून दाखल होणार. ज्याचं घर हकीकतीत येईल त्याच्या नावे ती जागा लागणार.

हुकूम माली पाटलांच्या, म्हणजे पेठेचा सारा वसूल करणाऱ्या अर्जुनरावांच्या नावाचा. पण त्यांचा हात नांगरावर नि घोड्यावर चालतो, बोरूवर नाही. म्हणून बोलावणं मला. सही त्यांची, मजकूर माझा. कचेरीतला पेशकार त्याचं सरकारी उर्दू करील. छाती फुगवून घरी आलो नि वच्छलेला सांगितलं. ती म्हणाली, आधी पीठ संपलंय ते बघा.

पौष शुद्ध ११

तीन दिवस दारोदार फिरतोय. कोष्ट्यांची घरं अकरा, मोमिनांची त्याहून थोडी जास्त. दोघांचे माग समोरासमोर. दिवसभर ईर्ष्येनं खटखटतात नि संध्याकाळी एकाच ओट्यावर चिलीम फिरते. वाणी तीन. त्यांतल्या एकानं आपलं घराणं थेट विजापूरच्या बादशहापर्यंत नेऊन भिडवलं. मी निमूट लिहून घेतलं. तांबोळी म्हणाला, माझ्या धंद्यापुढे ‘खानदानी’ असं लिहा. लिहिलं.

आधी कोण आलं, या प्रश्नाला मात्र सगळ्यांचं उत्तर एकच. म्हातारी केसरबाई कोष्टीण तर हसलीच — “आमी आलो तवा हितं निस्तं वाडगं व्हतं. धुळाजी धनगराच्या बापाचं. तेच्याच भिताडाला पाल बांदून जगलो की समदे. तुमी न्हवता व्हय मास्तर?”

होतो. बारा वर्षं झाली. गाठीच्या तापानं, प्लेगनं, गाव रिकामं झालं नि जो तो नदी ओलांडून या मुरमाड उंचवट्यावर आला. इथे धुळाजीच्या बापानं रचलेलं मेंढ्यांचं दगडी वाडगं होतं आणि त्यांनीच खणलेला झरा. वच्छलेला ताप होता. आम्हांला कोणी जवळ उभं करीना. धुळाजीच्या बायकोनं, सारजाबाईनं, वाडग्यातला स्वतःचा कोपरा दिला. अकरा दिवस शेळीचं दूध पाजलं. तो ताप गाठीचा निघाला नाही, पण हे तिला कुठं ठाऊक होतं?

सध्या ती माणसं मेंढरं घेऊन गंगथडीला, गोदाकाठी, गेली आहेत. दिवाळी झाली की जातात, मृगाला परततात.

पौष वद्य १

अर्जुनरावांनी वाड्यावर बोलावलं. चहा पाजला — हे पहिल्यांदाच! कच्चा मजकूर वाचून दाखव म्हणाले. वाचला. धुळाजीच्या बापाचं नाव येताच त्यांनी हात वर केला.

“मास्तर, गाव कशानं मोजत्यात?”

म्हटलं, उंबऱ्यानं. तीच आपली रीत. अमुक उंबऱ्यांचं गाव, असंच आपण म्हणतो.

“मंग? वाडग्याला उंबरा हाय का?”

नाही. धनगर उंबरा घालतच नाहीत. कोकरं अडखळतात, पाय मोडतात, म्हणून वाट मोकळी ठेवतात. रात्री बाभळीची फांदी ओढली की झालं.

मग त्यांनी मुद्द्याचं सांगितलं. पेठ त्यांच्या वडिलांनी वसवली असं लिहायचं. वाडग्याची जागा ओसाड म्हणून दाखवायची. ती पाटलांकडे आली की शाळेला देतील. कोरडी, उंच जागा. दगड, लाकूड, पत्रे त्यांचे. माझी शाळा त्यांच्याच गोठ्यात भरते. पावसाळ्यात एकतीस पोरं पाट्या डोक्यावर धरून उभी असतात, शेण सारायचं नि मग बाराखडी. हे त्यांना चांगलं ठाऊक आहे.

विचार करून सांगतो म्हटलं. विचार कसला! दारातून बाहेर पडताना मी खिडक्या किती ठेवायच्या तेच मोजत होतो.

पौष वद्य २

काही लिहिलं नाही.

पौष वद्य ४

आज उंबरे मोजले. चौसष्ट. शेवटी वाडग्यापाशी उभा राहिलो. छातीइतकी दगडी भिंत, तोंडाशी बाभळीची फांदी, आत छपराचा कोपरा नि चुलीचे तीन दगड. तो कोपरा मी ओळखला. उंबरा नाही, म्हणून मोजला नाही. रीतीला धरूनच केलं, असं स्वतःला बजावत घरी आलो नि बसून टाकलं लिहून — ‘पूर्वी येथे ओसाड माळ होता. पेठ माली पाटील यांच्या वडिलांनी वसविली.’

वच्छला म्हणाली, वाचून दाखवा. दाखवलं.

“आणि सारजाबाई?”

मी उंबऱ्याची रीत समजावून सांगू लागलो. ती ऐकायला थांबली नाही. ताट वाढलं नि आत गेली.

माघ शुद्ध ५

हकीकत मंजूर. पेशकारानं मजकुराची तारीफ केली म्हणे. लाज वाटली, आणि बरंही वाटलं. दोन्ही खरं आहे.

फाल्गुन शुद्ध २

वाडग्याची भिंत उतरवली. तेच दगड शाळेच्या जोत्याला. गवंड्यानं विचारलं, मास्तर, दार कुणीकडं? मी पूर्वेला बोट केलं. एवढंच माझ्याकडून काम झालं, नि तेवढ्यानंच हात मळल्यासारखे वाटत राहिले.

चैत्र शुद्ध ९

शाळा नव्या जागेत भरली. पोरं खुशीत. पत्र्याखाली आवाज घुमतो म्हणून पाढे मुद्दाम ओरडून म्हणतात. अर्जुनरावांनी गूळ वाटला.

वच्छला अजून शाळा बघायला आलेली नाही. मीही चल म्हटलेलं नाही.

ज्येष्ठ शुद्ध ३

ते आले. खिडकीतून पाहिलं — मेंढरं सवयीनं थेट उंचवट्यावर चढली नि शाळेच्या भिंतीला अंग घासत उभी राहिली. पोरं हसली. धुळाजी बराच वेळ तिथेच थांबला होता. मी फळ्याकडे तोंड करून बेरजा लिहीत राहिलो. पाटलांचा माणूस येऊन त्याला काहीबाही बोलला. मग सगळा कळप खाली नदीकाठी गेला.

मी बाहेर गेलो नाही. जायला हवं होतं. दहा पावलांवर होता तो.

ज्येष्ठ शुद्ध ६

धुळाजी घरी आला. वाटलं, आता शिव्या देईल. तर तो ओट्याच्या कडेला बसला, पाणी प्यायला आणि म्हणाला — “मास्तर, कागदात आमी न्हाई म्हनं. कुणी लिवलं त्ये म्या इचारत न्हाई. तुमी आमची एक अर्जी लिवून द्या. समदं जसं झालं तसं.”

मला! साऱ्या पेठेत त्याला मीच सापडलो.

लिहून ठेवतो म्हणालो. जाताना त्यानं वच्छलेची तब्येत विचारली.

ज्येष्ठ शुद्ध १०

पाऊस लागला आहे. नदीकाठ सगळा काळा चिखल. त्या चिखलात मेंढरांची खुरं सडतात. म्हणून तर त्यांना चार महिने मुरमाची जागा लागते. मला हे पौषातही ठाऊक होतं. वच्छला भाकरी बांधून खाली जाऊन आली. सांगत होती, दोन कोकरं गेली. सारजाबाई तिसरं मांडीवर घेऊन बसली आहे.

शाळेत पत्रा वाजतो, पोरं कोरडी बसतात. आज एक ओळ शिकवता आली नाही.

ज्येष्ठ शुद्ध १२

अर्जी लिहिली. वाडगं लिहिलं, झरा लिहिला, तापाच्या साथीत कोण कोण त्यांच्या आसऱ्याला राहिलं ते नावानिशी लिहिलं — माझंही. इथवर लेखणी धावली. मग आलं, आधीची हकीकत चुकली कशी? बोरू शाईत बुडवून बसून राहिलो. कबूल केलं तर अर्जुनराव शाळा काढून घेणार. गोठाही आता मिळायचा नाही. शेवटी लिहिलं, ‘माहिती देणाऱ्याच्या अजाणतेपणामुळे सदर चूक घडली.’

अजाणता! बारा वर्षं ज्याला सगळं ठाऊक तो अजाणता!

धुळाजीला वाचून दाखवली. तो खाली मान घालून ऐकत होता. त्या ओळीपाशी मी खोकल्याचं निमित्त केलं, मग ती घाईनं वाचून टाकली. त्यानं अंगठा उठवला, कागद घडी करून मुंडाशात खोवला नि उठला. लई बेस लिवलं म्हणाला.

ज्येष्ठ वद्य ६

कचेरीतून बोलावणं नाही. रोज वाटतं, आज येईल. न आलं की सुटल्यासारखं वाटतं. असा मी नीच.

वच्छलेला आज सगळं सांगितलं — ती ओळसुद्धा. ती म्हणाली, “मला कशाला सांगता? खाली नदीवर जाऊन सांगा.” उद्या जातो म्हणालो.

ज्येष्ठ वद्य ७

पाऊस फार. गेलो नाही.

ज्येष्ठ वद्य ८

सकाळी सारजाबाई शाळेच्या दाराशी आली. आत ये म्हटलं, आली नाही. ओंजळीतून एक फडकं पुढे केलं. आत अर्जी — घडी तशीच, कचेरीत दिलेलीच नाही. म्हणाली, “आमी आलो त्याच दिशी केसरबाईनं सांगितलंवतं, कागूद कुणी लिवला त्ये. मालक म्हनले, मास्तरकूनच अर्जी लिवून घेऊ, त्ये आपुनहून सांगत्याल. लई वाट पाह्यली, मास्तर. आता आमी डोंगराकडं चाललो. तुमीच द्या ही कचेरीत, न्हाईतर नगा देऊ.”

अजाणतेपणाची ती ओळ खोडली. खाली लिहिलं — ती हकीकत मी जाणूनबुजून खोटी लिहिली. सही केली — बद्रीनाथ, मास्तर, पैलपेठ. आता कचेरीत निघालो आहे. पोरांना सुट्टी दिली. पुन्हा शाळा कधी नि कुठं भरेल, असं त्यांनी विचारलं. पाट्या घरी घेऊन जा म्हटलं.